गावच्या विहिरीवरचं शीड

धरण भरलं की आमच्या शहराला पाण्याचा एकदम पुळका येतो. दरवाजे उघडल्याची बातमी आली रे आली, की पैठण रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागते. माणसं बायकापोरं घेऊन येतात, फेसाळत्या पाण्याकडे पाठ करून उभी राहतात आणि स्वतःचेच फोटो काढतात. खाल्लेली कणसं तिथेच फेकतात, वेफर्सची पाकिटं फेकतात, पोरांचे डायपरसुद्धा फेकतात. मग निर्माल्याची पिशवी गाठ न सोडता पाण्यात भिरकावून हात जोडतात. मला मुळातच किळस फार. आई म्हणायची, या पोरीला देवानं नाक जरा जास्तच दिलंय. यंदा पोळ्याच्या आधीच धरण भरलं आणि नाकाचे दिवस पुन्हा सुरू झाले.

त्यात परवा एका तरुणाचा फोन आला. कुठल्याशा जलक्रीडा शिबिराचा तो संयोजक. आमच्याच गावाच्या काठावर शिबिर भरणार आहे, मुंबईहून नव्या कोऱ्या होड्या आणल्या आहेत, आणि मी कधीकाळी शीड चालवायला शिकले होते हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. "मॅडम, नवशिक्यांसाठी शिडाच्या होडीची ओळख, एवढंच बोलायचं. सोपं. थोडं पॉझिटिव्ह ठेवा." उद्घाटन कोण करणार, असं मी विचारलं. तर म्हणाला, गावातले ज्येष्ठ आहेत ना, तात्या, त्यांच्या हस्ते जलपूजन आहे. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. कळवते, असं म्हणून मी फोन ठेवला आणि चूळ भरून आले. खरंच भरून आले, तोंडाला तशी चव आली होती.

नवशिक्यांना ओळख करून द्यायची तर साळवे सरांपासून सुरुवात करावी लागेल. सर आमच्याच गावचे. गाव म्हणजे धरणात गेलेलं जुनं गाव. ते बुडालं तेव्हा सर ऐन तरुण होते. गावाबरोबर नव्या जागी न जाता ते नौदलात गेले, तिथं साध्या खलाशापासून वर चढले, नंतर मुंबईच्या गोदीत राहिले आणि केस पांढरे झाल्यावर परत आले. मुलाचा फ्लॅट शहरात होता, वाळूजच्या बाजूला. तो म्हणायचा, इथं राहा. सर ऐकायचे नाहीत. "मला गावात राहायचंय," ते म्हणायचे. "पाहुणा म्हणून नाय. गावचा म्हणून." धरणाच्या काठावर, सरकारनं वसवलेल्या नव्या गावाच्या टोकाला, बौद्धवाड्यात त्यांनी घर दुरुस्त करून घेतलं आणि कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबच्या दोन जुन्या लाकडी होड्या ट्रकवर घालून आणल्या.

सर गरीब स्वभावाचे वगैरे अजिबात नव्हते. बढाईखोर होते, तिरसट होते आणि मिशीला काळा रंग लावायचे. पण गावाला काहीतरी देऊनच गावात बसायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. मला तर कधीकधी त्यांचा रागच यायचा. आपल्याच गावात राहायला माणसानं नजराणा का आणावा?

गावानं होड्यांचं स्वागत केलं ते एका कारणासाठी. खेळाचा दाखला मिळाला की पोलीस भरतीत जागा राखीव असते, अशी बातमी कुणीतरी पसरवली. लगेच पोरं पाठवली गेली, आणि माझ्यासारख्या सुट्टीसुट्टीला शहरातून येणाऱ्या पुतण्यासुद्धा. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "दाखलाबिखला काय नाय मिळायचा. गटांगळ्या मिळतील." निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. मी राहिले. सरांची पुतणी चंद्रकला होती, तिच्याबरोबर माझी जोडी लावली. होडी दोघींची. एकीनं सुकाणू आणि शिडाचा दोर धरायचा, दुसरीनं होडी कलेल त्याच्या उलट बाजूला अंग टाकायचं. आमचे पाण्याचे दिवस संक्रांतीनंतर सुरू झाले. पाऊस त्या वर्षी झालाच नव्हता, आदल्या वर्षीही जेमतेमच. धरण निम्मंसुद्धा नव्हतं, पण वारा भरपूर होता.

शिडाच्या होडीचा पहिला धडा असा, की वारा ज्या दिशेनं येतो त्या दिशेला ती सरळ जातच नाही. तोंड वाऱ्यावर धरलं की शीड नुसतं फडफडतं आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. समोरचा काठ गाठायचा तर तिरकं जायचं, मग वळून उलट बाजूला तिरकं, पुन्हा वळायचं. वळताना शिडाचा खालचा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे झपकन येतो. तेव्हा डोकं खाली घालायचं. चंद्रकलानं एकदा घातलं नाही, तर कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, ती नसेल तर होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहवत जाते. हे सगळं सर काठावरच्या चिखलात काडीनं चित्र काढून सांगायचे. त्या चिखलाला शेवाळाचा, मेलेल्या माशांचा आणि वरच्या कारखान्यांतून आलेल्या कसल्याशा औषधाचा मिळून एक वास होता. मी नाकाला ओढणी बांधून शिकले.

दुसरा धडा दोराचा, आणि त्यात आमचं सगळं गाव नापास झालं. वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि होडी कलायला लागली, की हातातला दोर सोडायचा. दोर सोडला की शीड मोकळं होतं, वारा निसटतो, होडी सरळ होते. इतकं साधं. पण आम्ही विहिरीवर वाढलेली माणसं. दोर हातातून सुटला की घागर गेली, आणि घागर गेली की घरी बोलणी, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. दोराला ओढ लागली की मूठ आपोआप आवळायची. सर काठावरून बोंबलायचे, "सोड! अगं सोड तो दोर!" आणि मी दातओठ खाऊन जास्तच ओढायची. मग व्हायचं तेच. शीड पाण्यावर आडवं, होडी पोट वर करून, आणि मी तोंडभर हिरवं पाणी घेऊन वर.

चंद्रकला मात्र पहिल्या दिवसापासून बिनघोर दोर सोडायची. मी विचारलं, तुला बरं जमतं गं? उत्तर सरांनी दिलं. "आमच्या घराण्यात सगळ्यांनाच लवकर जमतं. मलाबी नौदलात लई लवकर जमलं. आमच्या हातात कुणी कधी दोर दिलाच नव्हता." ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसले. तात्यांच्या घरी काकूला सांगितलं तर तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. मग तिनं सांगितलं, की जुन्या गावच्या विहिरीवर त्यांच्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या, आणि आपल्यातलं कुणी आलं, त्याला सवड झाली, दया आली, तर वरून ओतून द्यायचं. "तवा तसंच व्हतं," काकू म्हणाली. बास, एवढंच.

ती विहीर आमच्या होडीखाली होती. सरांनी पाण्यावर एक पिवळा प्लास्टिकचा कॅन दगडाला बांधून सोडला होता, होडीनं वळण घ्यायची खूण म्हणून. त्याच्या बरोबर खाली गावची विहीर आहे, असं ते छाती फुगवून सांगायचे. टेकडी आणि चिंच एका रेषेत धरून त्यांनी ती जागा काढली होती. "जा, तिच्या वरनं फिरून या, बिनधास्त." कॅनला वळसा घालताना सरांच्या तोंडावर जे यायचं ते मला तेव्हा आवडायचं. पाणी सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं की खालच्या बाजूबिजू उरत नाहीत, असं मलाही वाटायचं.

मग पाणी चाललं. रोज सकाळी काठ थोडा आत गेलेला. उरलेल्या पट्ट्यात चपला, बाटल्या, देवांच्या तसबिरी, कुजलेले मासे आणि त्यांवर माश्यांचे घोस. होडी पाण्यापर्यंत न्यायला गुडघाभर चिखलातून ओढावी लागायची. तो चिखल पायाला असा चिकटायचा की घासून काढला तरी जेवताना नखांतून वास यायचा. धरणाच्या मध्यावर शहराचे पंप घरघरत होते. शहर वाढत होतं ना. बायपासच्या पलीकडे इमारती, त्यांच्या पलीकडे आणखी इमारती, वाळूजला शिफ्टच्या बसगाड्या भरून माणसं. माझे वडील त्याच बसनं जायचे, कारण त्यांची जमीन याच पाण्याखाली होती. शहरात आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. आणि नळाची चाहूल लागली, की शेजारच्या बायका आधीचं साठवलेलं पाणी शिळं झालं म्हणून भराभरा गटारात ओतायच्या. चांगलं, झाकलेलं, स्वच्छ पाणी. धरणाच्या तळाचा चिखल मी त्या दिवसांत दर सुट्टीला तुडवत होते, त्यामुळे त्या ओतण्याच्या आवाजानं मला ओकारी यायची.

एके दिवशी गाव वर आलं. आधी मारुतीचा पार, मग घरांचे चौथरे, मग विहिरीचा कठडा. बघायला सगळी नवी वस्ती लोटली. म्हातारी माणसं चिखलात काठ्या रोवत हे आपलं दार, इथं उखळ, इथं गोठा असं दाखवत होती. काही रडलीही. पाराला नारळ फुटले. पिवळा कॅन विहिरीपासून चांगला एक वावर लांब पडलेला होता, सगळे हसले आणि सर म्हणाले, वाऱ्यानं सरकवला. बौद्धवाड्याचे चौथरे कुणी दाखवले नाहीत. ते गावाबाहेर होते, आणि दगडाचे नव्हतेच, तेव्हा राहिलंही काही नव्हतं.

नव्या गावाची विहीर तोवर कोरडी पडली होती. सगळेच जिथं भरायचे त्या हातपंपातून नुसती हवा यायची आणि टँकर आला तर भांडणं घेऊन यायचा. तात्या म्हणाले, "जुन्या विहिरीला लई पाणी व्हतं. तिचा गाळ काढू." पण गाळ ओला, जड, आणि विहीर खोल. तेव्हा सर पुढे झाले. होड्यांना तसंही पाणी उरलं नव्हतं. त्यांनी दोन्ही होड्यांच्या डोलकाठ्या, म्हणजे शिडांचे उभे खांब, उतरवल्या, एक बल्ली घालून विहिरीवर तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, शिडाच्या कप्प्या त्याला टांगल्या आणि आमचे ते दोर त्यांतून फिरवले. तीन-चार कप्प्यांतून दोर गेला की वजन हलकं लागतं. चिखलानं भरलेली पाटी पोरीसुद्धा वर घेऊ लागल्या. तात्यांनी सगळ्यांसमोर सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, तुमी गावाची लाज राखली." सरांनी रंगवलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, मिळालं यांना हवं होतं ते.

गाळ काढायला सगळे होते. बौद्धवाड्यातले होते, आमचे धनगरवाड्यातले होते. चंद्रकला अंगानं बारीक, म्हणून कमरेला दोर बांधून तिलाच तळात उतरवायचे. खाली ती पाट्या भरायची, वर तात्यांचे मुलगे ओढायचे. काळा, चिकट, अनेक वर्षं कुजलेला गाळ. तिचे केस, भुवया, दात, सगळं त्यानं माखलेलं असायचं. काकूच्या भाकरी आणि ठेचा सगळ्यांनी एकाच फडक्यावर बसून खाल्ला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही की विचारलं नाही.

आणि पाणी लागलं. आधी गढूळ, मग निवळत निवळत चक्क पिण्याजोगं. तात्यांनी नारळ फोडला, पहिली बादली मारुतीच्या पारावर ओतली. बायका घागरी घेऊन जमल्या. चंद्रकला आंघोळ करून, वेणी घालून, कळशी घेऊन आली आणि सवयीनं तिनं कप्पीच्या दोराला हात घातला.

"पोरी, थांब जरा," तात्या म्हणाले. आवाज गोड होता, अगदी लेकीशी बोलावं तसा. "तू तिकडच्या अंगाला उभी राहा. आपली पोरं ओतून देतील. पाणी काय कमी पडू देणार नाय. जुनी रीत हाय, उगं मोडाय नको."

चंद्रकलाचा हात दोरावर तसाच राहिला. तिला बहुतेक कळलंच नाही. मला कळलं. मी म्हणाले, "तात्या, ती या विहिरीच्या आत उतरली होती. तिनंच गाळ काढलाय हिचा."

"गाळाचं काय," तात्या म्हणाले. "गाळ तो गाळ. पाणी निराळं. तू शहरातली, तुला नाय कळायचं."

मी आजूबाजूला पाहिलं. एकाच फडक्यावर जेवलेली सगळी माणसं पायाखालच्या चिखलात काहीतरी शोधत होती. सर पुढे आले. मला वाटलं आता ते गरजतील, त्यांना गरजायची सवय होती. त्यांनी चंद्रकलाच्या हातातून दोर घेतला, बादली सोडवून कठड्यावर ठेवली, दोराचं वेटोळं केलं. मग एकेक कप्पी उतरवली. मग डोलकाठ्या. बल्ली गावची होती, ती तिथेच आडवी ठेवली. तात्या म्हणत होते, "साहेब, राग धरू नका, रीत हाय म्हणून बोललो." सरांनी एक डोलकाठी स्वतःच्या खांद्यावर घेतली, एक चंद्रकला आणि मी मिळून घेतली, आणि आम्ही चिखलातून वर चढलो. कुणी अडवलं नाही. कुणी सोबतही आलं नाही.

दुपारपर्यंत कुणाच्यातरी गोठ्यातली लोखंडी कप्पी आणि मोटेचा जाड सोल विहिरीवर बसले होते. पाणी सुरू झालं. बौद्धवाड्यातल्या बायका दुसऱ्या अंगाला उभ्या राहून घेऊ लागल्या, कारण घरात तहानलेली पोरं होती. चंद्रकलाची आई तेवढी गेली नाही. ती टँकरची वाट पाहत बसली.

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. शहराचा नाला पाहिला, पावसाळ्यातला कचरा डेपो पाहिला, त्या उन्हाळ्यात फुगून काठाला लागलेली जनावरं पाहिली. पण त्या विहिरीवर मला जी शिसारी आली तशी पुन्हा आली नाही. मासे पाणी गेल्यावर कुजतात, चारेक दिवस वास मारतात आणि मग उन्हानं वाळून जातात. ही रीत मात्र सगळं धरण डोक्यावर घेऊन इतकी वर्षं तळाशी पडून होती आणि वर आली तेव्हा ताजी होती. पाणी आटलं तसं माणसांना आपलं घर आठवलं, दार आठवलं, उखळ आठवलं, आणि त्याच आठवणीत कुणी कुठल्या अंगाला उभं राहायचं तेही बिनचूक आठवलं. त्यात तात्या वाईट माणूस नव्हते, हे सगळ्यात किळसवाणं. माझ्या आजारपणात रात्रभर पाय चेपत बसलेले तेच तात्या.

सरांनी आठवड्याभरात घराला कुलूप लावलं आणि मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. होड्या काठावर उपड्या राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात फळ्या निघाल्या होत्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात होड्याच नव्हत्या. मग कधीतरी पाऊस झाला, धरण भरलं, विहीर पुन्हा बुडाली आणि गाव पुन्हा निसर्गरम्य झालं.

त्या संयोजकाला मी काल फोन केला. म्हटलं, येणार नाही. त्यानं कारण विचारलं. मी सांगायला लागले, तर मध्येच म्हणाला, "मॅडम, ते जुनं झालं हो आता. पोरांना त्यात कशाला?" मी विचारलं, पाणी कुठल्या बाजूनं प्यायचं हे त्या पोरांना अजून कुणी सांगितलं नसेल असं वाटतं का तुला? त्यानं फोनवर हात ठेवून कुणालातरी काही विचारलं. मग म्हणाला, दुसरं कुणी शीड शिकवणारं माहीत आहे का. मी म्हणाले, होतं.

आणि आज सरांकडे गेले. आता ते खूप थकले आहेत, मिशी पांढरी ठेवली आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली कंपन्यांच्या बसगाड्यांचा धूर. शिबिराचं सांगितलं, तात्यांच्या हातचं जलपूजन सांगितलं, मी नाही म्हणाले तेही सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. होड्या फायबरच्या का, एवढंच विचारलं. तेवढ्यात नळ आला. आधी नुसतं फुसफुसलं, मग पिवळट पाणी आलं, औषधाचा आणि चिखलाचा मिळून वास असलेलं. मला लगेच ओळखू आला तो वास. सर भिंतीला धरत उठले, ओट्यापाशी गेले आणि तोटीखाली पेला धरला.

"सर, निवळू तरी द्या," मी म्हणाले. "उकळून घ्या."

"धरणाचंच हाय," ते म्हणाले. "आपल्या विहिरीच्या डोक्यावरनं येतंय." सगळा पेला त्यांनी उभ्याउभ्याच संपवला. चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी मनगटानं तोंड पुसलं आणि पेला पुन्हा तोटीखाली धरला.

"लई घाण हाय," ते म्हणाले. "पण वरनं कुणी ओतत नाय."